एक जानेवारीची यादी

१

यादीतून साळूबाईचं नाव गेलंय हे शुक्रवारी दुपारी कळलं, आणि ते शारदानंच घालवलं हे शनिवारी सकाळपर्यंत ठरूनही गेलं. पिरंगुटच्या वरच्या अंगाला मेंढपाळांची वस्ती आहे, तिथे गोष्टी लवकर ठरतात.

प्रकरण असं होतं. सन दोन हजार चार सालचा फेब्रुवारी. मेंढ्यांसाठी पक्क्या शेडची योजना आली होती. शेड वीस आणि मागणारी घरं चौतीस. मग वस्तीतल्या मेंढपाळ संस्थेनं बुधवारी बिरोबाच्या देवळात भंडारा वाहून चिठ्ठ्या काढल्या. देवापुढं निघालेल्या चिठ्ठीवर पुन्हा तोंड उघडायचं नाही, हा तिथला जुना नेम. विसावी चिठ्ठी साळूबाईची निघाली, एकविसावी बिरूची. म्हणजे साळूबाईला शेड, आणि बिरूनं हात चोळत बसायचं. संस्थेची कारकून शारदा. तिनं त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या देखत चौतीसही नावांची यादी चिठ्ठ्यांच्या क्रमानं कॉम्प्युटरवर चढवली. शुक्रवारी सकाळी ती छापली, शिक्का मारला, तालुक्याची जीप ती पौडच्या कचेरीत घेऊन गेली, एक प्रत फळ्यावर लागली. साळूबाईच्या मुलानं वाचली तर विसाव्या जागी बिरू, आणि आईचं नाव कुठेच नाही.

विश्रामला निरोप गेला तो रविवारी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा मेकॅनिक पिरंगुटच्या बाजारात, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून, जुन्या सुट्या भागांचे कॉम्प्युटर जोडून द्यायचा. संस्थेचं मशीनही त्यानंच जोडलेलं. सोमवारी सकाळी वस्तीचा चढ चढताना तो दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा त्याच्या मनात आलं की परत फिरावं. गुडघ्यांचंही तेच मत होतं.

संस्थेचा सचिव सिद्धनाथ दारातच भेटला. पिरंगुटच्या कारखान्यात सकाळपाळी करणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा तिशीतला माणूस. आज त्यानं रजा टाकली होती.

"विश्रामकाका, एवढंच बघा," तो म्हणाला. "मशीननं नाव खाल्लं असेल तर तसं लिहून द्या. नसेल खाल्लं, तर चार वाजता बैठक आहे. शारदाबाईंना घरी बसवायचं ठरलंय."

"विचारलं तिला?"

"विचारायचं काय? कॉम्प्युटर त्यांच्याशिवाय इथं कोणाला येतो?"

ओसरीवर संस्थेचे अध्यक्ष बसले होते, कोंडाजीबाबा. सत्तरीचे. डोक्याला पटका, कपाळाला भंडारा. त्यांनी मान वर केली.

"मशीन जुनं हाय," ते म्हणाले. "त्येनंच खाल्लं आसंल. लिवून द्या आन् मोकळं व्हा, विश्रामराव. पोरीला कशाला बोल?"

विश्रामला ते पटलं. एक ओळ लिहायची, सही करायची, अकराची बस पकडायची. फार तर लोक म्हणतील, विश्राम भंगार विकतो. निम्मे लोक आताही म्हणतच होते.

२

शारदा आत भिंतीला टेकून उभी होती. परभणीकडची. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन इकडे आलेली. किमया, सात वर्षांची, पिरंगुटच्या शाळेत दुसरीत. ही नोकरी गेली तर भावाच्या दारात परत जायचं, आणि ते दार कसं आहे हे तिनं विश्रामला एकदा सांगितलं होतं.

"मी लिहून देतो मशीन बिघडलंय म्हणून," विश्राम हळूच म्हणाला. "प्रश्न मिटेल."

"मशीन बिघडलंय का?"

"नाही."

"मग नका लिहू, काका. लोक म्हणतील, बाईसाठी म्हातारा खोटं बोलला. मग मी इथं राहून करू काय?"

आता आली का पंचाईत. विश्रामनं पिशवी खाली ठेवली आणि मशीनसमोर बसला.

मशीन म्हणजे त्याचंच पाप. संस्थेनं पैसे दिले होते मोजून, नव्याच्या चौथाईसुद्धा नाहीत. तेव्हा तो चार बुधवार पुण्याच्या जुन्या बाजारात उकिडवा बसला होता. बोर्ड उन्हात धरून वाकवून बघायचा, फुगलेले कपॅसिटर दिसले की खाली ठेवायचा. हार्डडिस्क कानाशी हलवायची, आत काही खुळखुळलं तर घ्यायची नाही. पोत्यावर मांडलेल्या शंभर वस्तूंतली एक घरी आणावी आणि ती चालावी, यात त्याला अजूनही मजा वाटायची. मॉनिटर हिंजवडीच्या एका ऑफिसनं काढून टाकलेला मिळाला. कॉम्प्युटरचा डबा इतका जुना, की त्याचं बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहायचं. लाईट गेली तर मशीन बंद, लाईट आली की आपोआप सुरू, कोणी हात लावो न लावो.

आणि बोर्डावरचा सेल मेलेला. बटणाएवढा हा सेल मशीनचं घड्याळ जागं ठेवतो. तो मेला की लाईट जाताच मशीन सगळं विसरतं, आणि लाईट आल्यावर समजतं की आज एक जानेवारी अठ्ठ्याण्णव, रात्रीचे बारा. विश्रामनं तेव्हाच सांगितलं होतं की नवा सेल घाला. संस्थेत ठराव झाला, की भिंतीवर घड्याळ असताना दुसरं कशाला. त्यालाही तेव्हा जोर करायचा कंटाळा आला होता. परिणाम असा, की त्या मशीनवरची प्रत्येक फाईल एक जानेवारीला जन्मलेली.

शुक्रवारी यादी छापल्यापासून मशीनला कोणी हात लावला नव्हता, आणि रोजच्या लाईटच्या लपंडावामुळे आताही पडद्यावर तोच जुना निरोप लुकलुकत होता, घड्याळ चुकलंय, पुढे जायला एफ-वन दाबा. कीबोर्डही जुन्या बाजारातला, त्याला एफ-वनचं बटणच नव्हतं. तिथे भोक होतं, आणि भोकात बारीक काहीतरी घालून आतला रबर दाबावा लागायचा.

शारदानं केसांतली पिन काढून दिली. विश्रामनं ती भोकात घातली, तर खाली जाईना. चिमट्यानं त्यानं आतून हिरवट सालीचा तुकडा बाहेर काढला. कीबोर्डच्या मागेही बोटभर काडी पडली होती. खेड्यातल्या ऑफिसात काय काय सापडेल सांगता येत नाही. त्यानं दोन्ही उचलून खिडकीत ठेवलं आणि पुन्हा एफ-वन दाबलं.

३

यादीची फाईल त्यानं उघडली. नावांना आकडे मशीनच घालत होतं, म्हणजे मधली एक ओळ पुसली की खालची सगळी नावं आपोआप वर सरकायची. कोणी बिरूचं नाव टाईप केलंच नव्हतं. साळूबाईची ओळ तेवढी पुसली होती, बाकी मशीननं सरळ केलं.

"याला टायपिंग येण्याची गरज नाही," तो पुटपुटला.

"पण मशीन उघडता यायला हवं ना, काका?" शारदा म्हणाली. स्वतःविरुद्धच बोलतेय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

बुधवारची प्रत तिनं फ्लॉपीवर घेऊन ठेवली होती. त्यात साळूबाईचं नाव जागच्या जागी. म्हणजे बुधवारी लाईट गेल्यावर सगळे मिळून ऑफिसला कुलूप लावून गेले तोवर यादी शाबूत होती, आणि शुक्रवारी दहाला जीप आली तेव्हा नव्हती. जीपवाला हॉर्न वाजवत होता म्हणून शारदानं न वाचता छापली. ती तिची चूक, आणि ती तिनं कबूलही केली.

"ऑफिसची किल्ली कोणाकडे?"

"एक माझ्याकडे. दुसरी देवळात खुंटीला."

"म्हणजे सगळ्यांकडे," विश्राम म्हणाला.

मग त्यानं एकेकाला विचारलं. सिद्धनाथ थोडा चिडला. बिरूची बायको त्याची बहीण, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, आणि विश्रामला माहीत आहे हेही त्याला कळलं.

"काका, बुधवारी संध्याकाळी गेलेली लाईट गुरुवारी दिवसभर नव्हती. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, लाईन बंदच असते. आली सहाच्या सुमाराला. तेव्हा मी भूगावला लग्नात होतो, रात्री दहापर्यंत, तिथं लाईट गेली नाही. अख्खी वस्ती तिथं होती, कोणालाही विचारा. इथं एकट्या शारदाबाई होत्या. शुक्रवारी पहाटे मी कामावर गेलो. सहाला कार्ड पंच केलंय, ते खोटं बोलत नाही."

बिरू मेंढ्या सोडून आला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. दारातच उकिडवा बसला आणि मिशरीचं बोट दातांवर फिरवत राहिला.

"माझी मेंढरं आठ दीस घोटावड्याला बसलीत, शेतकऱ्याच्या रानात, खतासाठी. म्या काल आलो. आन् मला वाचायाच येत न्हाई, तर पुसू काय? उलट आता साळूमावशी माझ्यासंगं बोलंना झालीय. मला नगं त्ये शेड."

"नको कसं? कोकरं किती गेली यंदा?"

बिरूनं बोट दातांवरून काढलं.

"सतरा. गारठ्यानं."

एवढंच बोलून तो मिशरी थुंकायला उठून गेला.

४

दुपारी बारा वाजता विश्रामच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आली नसती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

फाईलवर शेवटच्या बदलाची वेळ होती. एक जानेवारी अठ्ठ्याण्णव, रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं. वस्तीत कोणीही हे बघून हसलं असतं. पण हे घड्याळ लाईट आली की बाराला सुरू होतं. म्हणजे ते चुकीचं नव्हतं. ते फक्त लाईट आल्यापासूनची मिनिटं मोजत होतं. साळूबाईचं नाव पुसलं गेलं ते लाईट आल्यावर एक तास दहा मिनिटांनी.

गुरुवारी लाईट आली सहाला. अधिक एक तास दहा. सात वाजून दहा मिनिटं, गुरुवार संध्याकाळ. सगळे भूगावला जेवत होते, आणि ऑफिसात एकटी शारदा होती.

त्यानं पुन्हा मोजलं. तेच आलं.

"गुरुवारी किती वाजेपर्यंत होतीस?" त्यानं विचारलं. आवाज बदलला असावा, कारण तिनं एकदम त्याच्याकडे पाहिलं.

"पावणेसात. एक पत्र टाईप केलं. मग लाईट गेली म्हणून निघाले."

"लाईट गेली? सिद्धनाथ म्हणतो, भूगावला रात्री दहापर्यंत लाईट होती."

"इथं गेली, काका."

"बसस्टॉपवर कोणी भेटलं?"

"नाही."

विश्रामला तिच्याकडे बघवेना. सकाळी याच बाईनं त्याला खोटं लिहू दिलं नव्हतं. आणि आता त्याच्याच मेलेल्या सेलनं तिला धरून दिलं होतं. साठ वर्षांत तो एवढं शिकला होता की चांगली माणसं चोरी करत नाहीत असं काही नसतं. तो उठला, गुडघे धरले, आणि हवा खायला म्हणून बाहेर गेला.

५

शेजारीच लीलाबाईची पिठाची गिरणी. पट्टा फिरत होता आणि लीलाबाई भिंतीशी उभी राहून खडूनं काहीतरी लिहीत होती. विश्राम सहज जवळ गेला, आणि जवळ गेल्यावर त्याचा कंटाळा थोडा वेळ कुठेतरी गेला.

भिंतभर वार आणि आकडे लिहिलेले होते.

"हे काय, लीलाबाई?"

"लाईटीचं. कवा आली, कवा गेली. बाया दळणं घिऊन येत्यात आन् मलाच शिव्या देत्यात, म्हनून लिवून ठिवते. भांडण झालं की भिंत दावते."

"गुरुवारचं दाखवा."

तिनं पिठाळ बोट ठेवलं. गुरुवार, आली सहा-पाच, गेली सहा-पंचेचाळीस.

"पुन्हा कधी आली?"

"तार जळाली व्हती वरची. भूगावची लाईन निराळी, त्येंचं काय बिगडत न्हाई. आमची आली पहाटं. ह्ये बगा, शुक्रवार, पाच. म्या उठून लगीच गिरणी चालू केली, साचली व्हती दळणं."

विश्राम तिथेच पायरीवर बसला. गुरुवारी संध्याकाळी लाईट चाळीस मिनिटं होती. चाळीस मिनिटांत मशीनचं घड्याळ एक वाजून दहापर्यंत जाऊच शकत नाही. शारदा खरं बोलत होती. राहिली शुक्रवार पहाट. पाच वाजता लाईट आली, मशीन आपोआप सुरू झालं, आणि एक तास दहा मिनिटांनी, म्हणजे सहा-दहाला, कोणीतरी साळूबाईची ओळ पुसली. शारदा तेव्हा पिरंगुटला मुलीचा डबा करत होती. सिद्धनाथचं कार्ड सहाला कारखान्यात पंच झालं होतं. बिरू घोटावड्याच्या रानात.

तो आत गेला. शारदा तशीच उभी होती.

"शुक्रवारी सकाळी आलीस तेव्हा एफ-वन दाबलं होतंस?"



"नाही," ती सावकाश म्हणाली. "मॉनिटर बंद होता. लावला तर मशीन आधीच पुढे गेलेलं. जीपच्या घाईत सुचलं नाही मला."

म्हणजे पहाटे एफ-वन दुसऱ्याच कोणीतरी दाबलं. शारदाची पिन तिच्या केसांत, पिरंगुटला. मग त्या माणसाच्या हाताशी बारीक असं काय होतं?

विश्रामनं खिडकीतली काडी उचलली. एक टोक चावून कुंचा केलेलं, दुसरं टोक निमुळतं, त्यावरची साल सोललेली. कडूनिंब. पहाटे उठून दात घासता घासता कोणीतरी इथे आलं होतं.

बिरू मिशरी लावतो. सिद्धनाथच्या न्हाणीत पेस्ट असणार.

त्यानं आणखी एक गोष्ट तपासली. फाईल उघडी ठेवून किती वेळ काम केलं, याची मिनिटं मशीन स्वतःच मांडत असतं. फ्लॉपीवरच्या प्रतीत पस्तीस होती. आताच्या फाईलमध्ये ब्याण्णव. एक ओळ पुसायला सत्तावन्न मिनिटं.

"शारदा, तुझ्या शेजारी ही खुर्ची कोणाची?"

"कोंडाजीबाबांची," ती म्हणाली. "रोज येऊन बसतात. तीन महिने झाले. बटणं कशी दाबते ते बघतात. मीच दाखवते त्यांना, चौथी शिकलेत ते." तिचा चेहरा उतरला. "काका, साळूबाई त्यांची सख्खी बहीण आहे. ते कशाला..."

"तेच मला कळत नाहीये," विश्राम म्हणाला.

६

कोंडाजीबाबा देवळाच्या पायरीवर होते. विश्रामनं ती काडी त्यांच्यापुढे ठेवली आणि शेजारी बसला. म्हाताऱ्यानं ती उचलून बोटांत फिरवली.

"दिवा लावाया आलो व्हतो," म्हातारा शेवटी म्हणाला. "गिरणीचा आवाज आला, म्हटलं लाईट आली. किल्ली खुंटीलाच व्हती."

"एक नाव पुसायला सत्तावन्न मिनिटं लागली, बाबा."

"पुसाया काय लागतंय. त्या मोठ्या बटणावर बोट ठिवलं आन् गेलं." ते आपल्या बोटाकडे बघत होते. "बाकीचा येळ नुसता बसून व्हतो. बहिनीचं नाव हाय त्ये."

"मग का पुसलंत?"

"साळूकडं मेंढरू ऱ्हायलं न्हाई. दिवाळीला पोरानं समदी इकली. तुमास्नी म्हनून सांगतो, वस्तीला ठाव न्हाई. मेंढरं घोडेगावला पाव्हन्याकडं हायेत म्हनून सांगती ती. शेड भेटलं की पोरगा त्यात शिमिटाची पोती ठिवनार, प्लॉटवाल्याला जबान दिलीया त्येनं. आन् बिरूची कोकरं उघड्यावर मरत्यात. सतरा मेली. म्या सवता खड्डं खनलं त्येच्यासंगं."

"मग बैठकीत का नाही बोललात?"

"चिठ्ठी देवानं काढली. त्येच्यापुढं कसं बोलू? आन् काय बोलू? माझी बहीण खोटं बोलती म्हनू?"

विश्रामला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी रागही आला. त्याला दोन्हीचा शीण झाला होता.

"आणि शारदा?"

"वाटलं मशीनवर जाईल. समदेच शिव्या देत्यात त्येला. मशीनला काय वाटतंय? ती मधी यील ह्ये सुचलं न्हाई मला."

"शनिवारी तर सुचलं? आज सोमवार आहे, बाबा. तीन दिवस ती भिंतीला टेकून उभी आहे. तुम्हाला बटणं तिनं शिकवली."

म्हाताऱ्यानं काडी खाली ठेवली.

"मी लिहून देणार नाही," विश्राम उठत म्हणाला. "चार वाजता तुम्ही बोला. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन, आणि मी बोललो तर का पुसलं तेही बोलावं लागेल."

७

चारच्या बैठकीला ऑफिस भरलं. साळूबाई पुढेच बसली होती, पदर घट्ट ओढून, शेजारी मुलगा. सिद्धनाथनं वही उघडली. शारदानं आपली किल्ली टेबलावर आणून ठेवली, कोणी मागायच्या आधी. विश्राम दारात उभा होता. त्याच्या खिशात बटणाएवढा नवा सेल होता. तो पिशवीत नेहमी असायचा, पण आज पहिल्यांदाच कोणाला न विचारता घालायचं त्यानं ठरवलं होतं.

"विश्रामकाका, मशीननं खाल्लं का नाव?" सिद्धनाथनं विचारलं.

"मशीन ठीक आहे," विश्राम म्हणाला, आणि कोंडाजीबाबांकडे बघितलं.

कोंडाजीबाबा उठले. उठायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"नाव म्या पुसलं," ते म्हणाले. "शुक्रवारी पहाटं. पोरीचा काय बी संबंध न्हाई."

कोणाला आधी समजलंच नाही. मग सगळे एकदम बोलू लागले. सिद्धनाथ पुन्हा पुन्हा विचारत होता, का, बाबा, का? साळूबाईनं मान वर केली आणि भावाकडे पाहिलं. तिचा मुलगा मात्र जमिनीकडे बघत राहिला.

"चुकलं," म्हातारा म्हणाला. "वय झालं. काय करतुया त्ये समजत न्हाई आता."

त्यापुढे ते एक शब्द बोलले नाहीत. इतकी वर्षं ज्यांचा शब्द वस्तीत खाली पडला नव्हता, ते सगळ्यांच्या देखत म्हातारचळ लागलेले ठरले, आणि त्यांनी ठरू दिलं. विश्रामला सगळं ठाऊक होतं. सांगावं असं एकदा मनात आलं. मग त्यानं साळूबाईकडे पाहिलं. ती पदराआड तोंड लपवून रडत होती, आणि भावानं नाव का पुसलं ते तिला कळलंय हे त्याच्या ध्यानात आलं. तो गप्प राहिला.

चिठ्ठी देवाची, तेव्हा यादी होती तशी करायची, असं ठरलं. पौडला दुसरी प्रत पाठवायची. सिद्धनाथनं टेबलावरची किल्ली उचलून शारदापुढे धरली आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिनं किल्ली घेतली आणि मशीनकडे वळली. त्याला जे म्हणायचं होतं ते तसंच राहिलं.

लोक पांगले. बिरू सगळ्यात आधी गेला, मेंढरं खोळंबली होती.

विश्रामनं डबा उघडून मेलेला सेल काढला, नवा बसवला. शारदानं पिन काढून एफ-वन दाबलं.

"काका, तारीख काय घालू?"

"आज सोळा. फेब्रुवारी, दोन हजार चार."

"आणि वेळ?"

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाच वाजून चार मिनिटं."

तिनं आकडे घातले. यादी उघडली, विसाव्या ओळीवर गेली आणि साळूबाईचं नाव पुन्हा टाईप केलं. बिरू एका घरानं खाली गेला. या सगळ्याला मिनिटसुद्धा लागलं नाही.

मागे पाय वाजले. कोंडाजीबाबा आत आले होते. रोजच्या सवयीनं ते शेजारच्या खुर्चीत टेकले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि पडद्याकडे बघू लागले. शारदा टाईप करायची थांबली. तिनं वळून पाहिलं नाही.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "उद्यापासून तिकडे बाकावर बसत जा."

 म्हातारा उठला, खुर्ची उचलून भिंतीशी लावली, आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला. तिथून पडदा दिसत नव्हता.

शारदानं छापायची आज्ञा दिली. प्रिंटर कुरकुरत सुरू झाला. विश्रामनं जुना सेल खिशात टाकला, पिशवी उचलली आणि साडेपाचच्या बससाठी उतार धरला. उतरताना गुडघे जास्तच दुखत होते.